कव्हराखालचा कॉम्प्युटर

फिरोजशहा मेहता १९१५ साली गेले. मुंबईच्या बड्या लोकांनी त्यांचं स्मारक करायचं ठरवलं. आणि स्मारक म्हटलं की पुतळा, ह्याच्यावर बड्या लोकांत कधी मतभेद होत नाहीत. तेव्हा तिकडं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९१६ साली 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र धाडलं : पुतळा कशाला, सार्वजनिक ग्रंथालय उभारा. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. कोण ऐकतो! १९२३ साली पुतळा बसला. अजून महापालिकेच्या दारात उभा आहे. पाळी सुटली की मी गोदीतून बोरीबंदरला चालत येतो तेव्हा त्याच्याकडं बघतो. डोक्यावर कबुतर बसलेलं असतं.

हे पत्र आठवायचं कारण वेगळंच. ह्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो, यवतमाळ जिल्ह्यात. तालुक्याच्या गावात एक वाचनालय आहे. नाव सांगत नाही, कारण तसलं वाचनालय तुमच्याही तालुक्यात आहे. दारावर बोर्ड : 'संगणकीकृत ग्रंथालय'. आत गेलो. चार म्हातारे पेपर वाचत होते. कोपऱ्यात टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली काहीतरी झाकून ठेवलेलं, वर हार घातलेला सरस्वतीचा फोटो. मला वाटलं शिलाई मशीन असंल.

"कॉम्प्युटर हाय तो," ग्रंथपाल म्हणाला. "अनुदानातून आला."

"चालू हाय का?"

"हाय ना. पन लावत नाही."

"काहून?"

"लावला तं पोट्टे गर्दी करते बाप्पा."

मित्रांनो, मी गंमत करत नाही. ग्रंथालयात पोट्टे गर्दी करतात म्हणून कॉम्प्युटर बंद. दवाखान्यात आजारी लोक येतात म्हणून डॉक्टर घरी. मग मी सभासद कसं व्हायचं ते विचारलं. डिपॉझिट भरा लागन, वर्गणी भरा लागन, आन् एका जुन्या मेंबराची सही आना लागन. मग त्यानं विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बरंऽ." त्या 'बरंऽ'वर मी एक लांबलचक कविता लिहू शकतो, पण संपादक म्हणतात ह्या वेळी गद्य दे.

बाहेर येऊन त्या माणसाला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि मोकळा होणार होतो. पण गावाकडच्या एस.टी.त बसल्या बसल्या हिशेब मांडला. सरकार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावतं. (वर्ण आणि वर्ग, चार आकडा ह्या देशाला फार आवडतो.) २०१२ च्या सुधारणेनंतर 'ड' वर्गाच्या गावच्या ग्रंथालयाला वर्षाचं अनुदान ३० हजार रुपये. त्यातले निम्मे पगाराला. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे. दहा वर्षं तेवढ्यावरच. मग २०२२ साली मंत्रिमंडळानं अनुदानात ६० टक्के वाढ केली, पेपरात मोठ्या अक्षरांत आलं. ६० टक्के म्हणजे ४८ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार. गोदीत कंत्राटदाराचा सगळ्यात नवा हमालसुद्धा दोन हजारावर महिनाभर राबत नाही. आमचा ग्रंथपाल सकाळी एका कृषी केंद्रात बिलं फाडतो आणि संध्याकाळी तीन तास वाचनालय उघडतो. त्यानं पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा, ई-पुस्तकं उतरवून द्यायची, सर्व्हर डाऊन झाला तर यवतमाळला फोन लावायचा, आणि हे सगळं दोन हजारात? त्याला कव्हर सोपं पडतं. त्याचं 'बरंऽ' मी माफ करत नाही. पण कव्हर त्यानं एकट्यानं घातलेलं नाही.

कव्हर घातलंय १९६७ च्या कायद्यानं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. नाव वाचलं की छाती भरून येते. आत बघा : सरकारनं स्वतः चालवायची ग्रंथालयं म्हणजे राज्याचं एक, विभागाची काही आणि जिल्ह्याला एक. बाकी गावोगावची, बारा हजारांच्या आसपास, खाजगी संस्थांची. त्यांचे अध्यक्ष, त्यांचे सचिव, त्यांची वर्गणी, त्यांच्या सह्या. सरकार फक्त अनुदान देतं. म्हणजे विहीर सार्वजनिक आणि रहाट ट्रस्टींच्या वाड्यात. मद्रासनं १९४८ साली कायदा केला तेव्हा ग्रंथालय कर बसवला. कर्नाटकानं १९६५ साली बसवला. आमच्या जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की तेलंगण, तिथंही आंध्राच्या १९६० च्या कायद्यापासून कर आहे. घरपट्टीबरोबर लोक थोडे पैसे भरतात, ते पैसे ग्रंथालयाचे, आणि म्हणून ग्रंथालय लोकांचं, निदान कागदावर तरी. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रानं कर बसवला नाही. कर बसवला की हक्क येतो ना! अनुदानात हक्क नसतो. अनुदान म्हणजे दान, आणि दान घेणाऱ्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं असतं, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

ज्या १९२३ साली मेहतांचा पुतळा बसला, त्याच साली ४ ऑगस्टला रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव पास करून घेतला. तो ठराव आपण चवदार तळ्यापुरता लक्षात ठेवतो. त्यातलं तत्त्व बघा : सार्वजनिक पैशानं बांधलेलं किंवा राखलेलं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, कोर्टं, दवाखाने. पैसा कोणाचा, ह्याच्यावरून जागा कोणाची ते ठरतं. मग अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात 'जुन्या मेंबराची सही' कुठून आली? आमच्या वस्तीतल्या कोणत्या पोरीला जुना मेंबर ओळखतो? २० मार्च १९२७ ला महाडला कोणी तळ्याच्या जुन्या मेंबराची सही नेली नव्हती.

आता ह्या असल्या घरावर सरकार विजेचा झगमगाट चढवायला निघालंय. ई-ग्रंथालय. डिजिटल ग्रंथालय. क्यूआर कोड. अ‍ॅप. पुस्तकांना चीप लावायच्या म्हणे, म्हणजे चोरीला जाणार नाहीत. अरे बाबांनो, आमच्याकडं पुस्तक चोरायला तरी कोणाला आत येऊ द्या! योजना आखणारे एसीत बसून यादी काढतात : संगणक किती, स्कॅनर किती, इन्व्हर्टर किती. त्या यादीत माणूस नसतो. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन भरलं, तिथंही हीच तऱ्हा. नयनतारा सहगलना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे ह्या शेतकरी विधवेनं, आणि माझ्या मतानं सगळ्या संमेलनात ऐकण्यासारखं तेवढंच होतं. तीन दिवसांनी मांडव उतरला. जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर काही उतरलं नाही.

वरून आखलेली इलेक्ट्रॉनिक सेवा म्हणजे काय असतं, ते आमच्या जिल्ह्यानं २०१७ च्या पावसाळ्यात बघितलंय. कर्जमाफी जाहीर झाली आणि फर्मान निघालं : अर्ज ऑनलाइनच. नवराबायको दोघांची माहिती, आधार, अंगठा. शेतकरी पेरणी-निंदण टाकून सेवा केंद्रासमोर रांगेत. सर्व्हर बंद. अंगठा उमटेना, कारण कापूस वेचून आणि कुदळ मारून अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या. मशीन म्हणतं, हा माणूस हा नाही. साला, जन्मभर राबल्याची शिक्षा. त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसावर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूरही होते. बाटलीवरचं पत्रक मुंगीएवढ्या अक्षरात. कोण वाचणार? कोलामाच्या पोडावर मराठी अक्षर वाचणारे थोडे, आणि घरातली बोली कोलामी. तांड्यावर गोरमाटी.

मला विचाराल तर ग्रंथालयाची इलेक्ट्रॉनिक सेवा इथून सुरू होते. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, तोंडाला काय बांधायचं, चक्कर आली तर पहिल्यांदा काय करायचं : पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण, कोलामीत, गोरमाटीत, वऱ्हाडीत. गावातल्याच बाईच्या आवाजात. वाचनालयाच्या दारातून कर्ण्यावर लावा, पोरांच्या मोबाइलात भरून द्या. ह्याला कोणतं अ‍ॅप लागतं? हे पुस्तक नाही म्हणून ग्रंथालयाचं काम नाही, असं म्हणणारे शहाणे भेटतात. त्यांना सांगा, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तेच पुस्तक.

दुसरं काम अर्जांचं. आपली पोरं शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन. भरतीचा अर्ज ऑनलाइन. सायबरवाल्याला प्रत्येक वेळी पैसे, आणि त्यानं चूक केली की वर्ष गेलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या अर्जात एका अक्षराची चूक झाली. शिष्यवृत्ती अडकली. माय म्हणाली, "जाऊ दे बाई, पुढच्या साली भर." पुढच्या साली तिचं लग्न झालं. वाचनालयातला तो कव्हराखालचा कॉम्प्युटर तिच्या कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर होता. एवढंच सांगतो.

आता पुस्तकांकडं येतो, कारण काही मित्र म्हणतात, हे सगळं ठीक, पण डिजिटल पुस्तकं आणायला पैसा लागतो. कोणत्या पुस्तकांना? बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ साली. कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून त्यांनी हयातीत छापलेलं सगळं लिखाण मोकळं. शासनानं १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, कोणीही उतरवून घ्यावेत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं फुकट. ग्रंथालयाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर? सरकारचं स्वतःचं 'ई-ग्रंथालय' आहे. 'कोहा' आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेनं १९९९ साली करवून घेतलेलं, सगळ्या जगाला मोफत. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तेव्हा खर्चाचं कारण निदान आपल्याला कोणी सांगू नये. तीन-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हवर हे सगळं मावतं. झरीला नेट येवो न येवो, वाचनालयाच्या मशीनवर एकदा चढवलं की चढवलं.

आणि कागदाचं काय झालं ते ठाऊक आहे ना? बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं शासनानं ठरवलं. ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला. चार वर्षांत छापल्या ३३ हजार. कागद पडून. 'लोकसत्ता'त बातमी आली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. दीक्षाभूमीवर पोरं खंडांसाठी रांगेत उभी राहतात आणि रिकाम्या हातानं परत जातात. ज्या फाईलवरून ते खंड छापायचे ती फाईल कितीही जणांना दिली तरी कमी होत नाही. तरी ती बारा हजार ग्रंथालयांच्या मशीनवर एका हुकमासरशी का पोचत नाही? पुस्तक न पोचवण्यासाठी पूर्वी कारण लागायचं, कागद नाही, गाडी नाही. आता कारणच उरलं नाही, तरी पुस्तक पोचत नाही. ह्याला तुम्ही काय म्हणता?

मी बोटीवर माल चढवणारा माणूस, मला दुसरंही एक आठवतं. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, त्यांची पुस्तकं आणि कागद दुसऱ्या बोटीनं येत होते. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. भरपाईचे थोडे पैसे मिळाले, पुस्तकं मिळाली नाहीत. एकच प्रत असली की असं होतं. फाईल समुद्रात बुडत नाही, असं वाटतं. पण ती फाईल दुसऱ्याच्या मशीनवर असेल आणि त्यानं बटण दाबलं तर तीही बुडते, आणि बुडताना आवाजसुद्धा होत नाही.

म्हणून ई-पुस्तकांच्या 'वर्गणी'बद्दल मला धास्ती वाटते. कंपनी ग्रंथालयाला पुस्तक विकत नाही, वाचायचा परवाना देते. अमेरिकेत हार्परकॉलिन्सनं २०११ साली नियम काढला : ग्रंथालयानं घेतलेलं ई-पुस्तक २६ वेळा वाचकाला दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. कागदाचं पुस्तक २६ वाचकांनी कधी संपतं का? आमच्या वस्तीत एकेका पुस्तकाला २६ हात तर एका पावसाळ्यात लागतात.

यवतमाळच्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आम्ही शकुंतला बघितलीय. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रुळांची गाडी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन ह्या इंग्रज कंपनीनं टाकलेली. कशाला? आमचा कापूस मुंबईच्या गोदीत आणि तिथून मँचेस्टरला न्यायला. इंग्रज गेले, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण हा रूळ कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी आमच्या शेतातून जायची, तिकीट आम्ही काढायचो, भारतीय रेल्वे ती चालवायची, आणि मालकाला त्याचे पैसे पोचायचे. आता गाडी बंद आहे. रुळात गवत वाढलंय. परवान्याच्या पुस्तकांवर ग्रंथालय उभं करणं म्हणजे पुन्हा शकुंतला टाकणं आहे. ग्रंथालयानं फाईल घ्यावी ती कायमची, स्वतःच्या मशीनवर. नाहीतर घेऊ नये.

इथपर्यंत सरकार झालं, ट्रस्टी झाले, कंपन्या झाल्या. तुम्ही माना डोलावत असाल. आता आपल्याकडं बघू.

१४ एप्रिलला आपल्या वस्तीत किती हजारांचा डीजे लागला? फ्लेक्स किती फूट होता आणि त्याच्यावर कोणाकोणाचे गॉगल लावलेले फोटो होते? विहारात पुस्तकांचं कपाट आहे. किल्ली अध्यक्षाकडं. अध्यक्ष कामावर. त्या वाचनालयवाल्याला मी शिव्या घालतो, पण माझ्या गावच्या विहारातलं कपाट दोन वर्षांपासून उघडलेलं नाही, आणि त्याच्यावरही कव्हर आहे, निळ्या रंगाचं. पुतळा नको, ग्रंथालय करा, हे ज्यानं १९१६ साली सांगितलं त्याचेच आपण पुतळे बसवतो आणि तिथंच थांबतो. फिरोजशहांच्या कमिटीत आपणही जाऊन बसलो की नाही? माझं हे वाक्य काही मित्रांना झोंबेल. पुतळ्यांची विटंबना होते, पुतळा म्हणजे आपली उभी राहण्याची जागा, मला माहीत आहे. मी पुतळा काढा म्हणत नाही. त्याच्या पायथ्याशी एक टेबल, एक मशीन आणि संध्याकाळी सहा ते दहा बसणारा एक पगारी माणूस मागतोय. सहा ते दहा, कारण दिवसा आपले लोक कामावर असतात. सकाळी दहा ते पाच उघडं असलेलं ग्रंथालय पेन्शनरांचं असतं.

आणि आपली नियतकालिकं? १९७२ च्या मागंपुढं निघालेले ते सायक्लोस्टाइल अंक, ज्यांची शाई हाताला लागायची, ते आज कुठं आहेत? 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' १९९० साली शासनानं पुन्हा छापले म्हणून आपल्याला वाचायला मिळाले, ते करायला वसंत मून नावाचा एक माणूस झिजला. त्यानंतरच्या छोट्या पत्रांसाठी कोण झिजणार? कोणाच्या तरी पोटमाळ्यावर ट्रंकेत आहेत. म्हातारा मेला की सून रद्दीत घालते, तिचा काय दोष! पुढं कोणी पीएच.डी.वाला येईल, सदाशिव पेठेतल्या दप्तरात शोधेल, आणि लिहील की पुरावा आढळत नाही.

कायद्यात ह्याला वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या छापील कामाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. म्हणजे आधी अंक ग्रंथालयात असला पाहिजे. तो आपणच नेऊन दिला पाहिजे, पावती घेऊन. आणि लोकांना वाचायला खुला करायचा तर ज्यांनी लिहिलं त्यांची परवानगी घेतली पाहिजे, ते आपलेच लोक आहेत, काही गेले, काही अजून आहेत, त्यांच्या घरी जाऊन सही आणायची. ही एक सही मात्र मला चालेल.

ह्या मासिकाच्या जुन्या अंकांतले माझ्याकडं तीन आहेत. एकाचं मुखपृष्ठ गेलंय, एक वाळवीनं मधून खाल्लाय, तिसरा धड आहे. मोबाइलनं फोटो काढून बघितले, अक्षर लागतं. पुढच्या रविवारी सुट्टी आहे. तुमच्याकडं कोणते अंक आहेत ते मासिकाच्या पत्त्यावर कळवा, नुसतं साल आणि महिना लिहिला तरी चालेल. ट्रंका उतरवायला मी येतो, हमालीचं काम मला जमतं.